फुगडी, दोरी आणि आपल्या लेकी

(देऊळघाट, जि. बुलढाणा इथल्या बचत गटातल्या बायांनी सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)

आम्ही देऊळघाटच्या बाया बोलतोय. पैनगंगेकाठचं आमचं गाव तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत असेल. बुलढाण्याला बाजाराला जाताना एसटी आमच्या गावावरून जाते.

मागच्या वेळी आमच्या गटानं पापड आणि शेवयांबद्दल सांगितलं होतं. आज विषय वेगळा आहे. आज आम्ही दोरीवरच्या कसरतीबद्दल आणि नाचाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, या बायांना आता सर्कशीत जायचंय की काय? तसं नाही. पण या एका विषयावरून आमच्या गटात दोन महिने भांडण चाललं होतं. त्या भांडणातून आम्ही जे शिकलो, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

गोष्ट अशी झाली. आमच्या गावातली एक मुलगी दोन वर्षं अमरावतीला मावशीकडे शिकायला होती. तिथं ती दोरीचा मल्लखांब शिकली. आता दहावीला गावी परत आली. आली तशी तिनं गोठ्याच्या तुळईला दोर बांधला आणि रोज संध्याकाळी त्याच्यावर चढायला लागली. तिच्या वर्गातल्या पोरी लेझीम खेळतात. १२ जानेवारीला जिजाऊ जयंती असते. आपल्या जिल्ह्यात, सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्म झाला, त्यामुळे हा दिवस आपल्याकडे गावोगाव होतो. पोरींनी ठरवलं की यंदा नुसतं लेझीम नको. मधे दोर टांगायचा, एकीनं दोरीवर करायचं, बाकीच्यांनी खाली फेर धरायचा, आणि सगळं मिळून एकच नाच करायचा.

पोरींनी गटाकडे गाद्यांसाठी पैसे मागितले आणि तिथूनच वाद सुरू झाला. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, "आपल्या पोरी का डोंबारनी हायेत का वं? चौकात दोरीवर लटकनार अन् लोक पाहनार!" आम्ही बऱ्याच जणींनी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्या वेळी आमच्याही मनात तेच होतं.

त्या बैठकीत एक बाई गप्प बसून होत्या. त्यांचं नाव आम्ही सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. त्यांना आम्ही सगळ्या ताई म्हणतो. पंधरा वर्षांपासून त्या आमच्या गटात आहेत, हप्ता कधी चुकवला नाही. पुढच्या बैठकीला त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माह्या मायनं दोरीवर चालून आमाले वाढवलं. मी बी चाललो. तुमी आमच्या नावाची शिवी करता, अन् वरून म्हनता, आपल्या पोरीले कोनी वाईट बोलू नये."

कोणाच्याच तोंडून शब्द निघाला नाही. पंधरा वर्षं शेजारी बसून आम्हाला हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही विचारपूस सुरू केली. ताईंना विचारलं, शाळेतल्या बाईंना विचारलं, वाचनालयातून पुस्तकं आणली. जे हाती लागलं, ते थोडक्यात सांगतो.

डोंबारी आणि कोल्हाटी या आपल्या महाराष्ट्रातल्या फिरत्या कलावंतांच्या जमाती. सरकारी यादीत त्यांची नोंद भटक्या जमातींमध्ये आहे. दोन बाजूंना बांबूच्या कैच्या, मधे दोर, खाली ढोलकी, आणि दोरीवर बाई किंवा लेकरू, हा खेळ आपण सगळ्यांनी आठवडी बाजारात पाहिला आहे. ज्या बांबूवर कसरत करायची त्याला कोल्हाट म्हणत, त्यावरून कोल्हाटी नाव पडलं असं सांगतात. याच कोल्हाटी घरांतल्या बाया पुढे लावणीच्या फडांत उभ्या राहिल्या. म्हणजे कसरत आणि नाच एकाच घरात, एकाच अंगात होते. शहरातल्या मोठ्या रंगमंचांवर आज जे नवीन म्हणून दाखवतात, ते आपल्या बाजारात आधीपासून चालत होतं. आपण त्याला कला म्हटलं नाही, एवढंच.

आता सर्कशीचं ऐका. आपल्या देशातली पहिली सर्कस एका मराठी माणसानं काढली. विष्णुपंत छत्रे त्यांचं नाव, मूळचे सांगलीकडच्या अंकलखोपचे. घोडे शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १८७९ साली कियारिनी नावाच्या एका इटालियन माणसाची सर्कस मुंबईला आली होती. ती पाहून छत्र्यांनी मनावर घेतलं, आणि २० मार्च १८८० ला मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. त्यांच्या पत्नीही त्या सर्कशीत झुल्यावरच्या कसरती करत. विचार करा मैत्रिणींनो, १८८० साल! ज्या काळी बाईनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तरी गाव बोलायचं, त्या काळी एक मराठी बाई तंबूच्या छताखाली झोके घेत होती. पुढे छत्रे केरळात तलश्शेरीला गेले. तिथले कीलेरी कुन्हीकण्णन यांनी सर्कशीसाठी माणसं घडवायला घेतली, आणि केरळ हे सर्कशीचं माहेर झालं. पण पेरणी आपल्याकडची होती.

मल्लखांबाचंही तसंच. बाराव्या शतकातल्या मानसोल्लास या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे असं जाणकार सांगतात. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी त्याला पुन्हा जीव दिला. मल्लखांबाचे तीन प्रकार आपल्याला माहीत असतात: जमिनीत पुरलेला, टांगता आणि दोरीचा. लाकडाच्या खांबाला एरंडेल लावतात, म्हणजे अंग घासत नाही. दोरीचा मल्लखांब पूर्वी वेतावर करत. लांब वेत मिळेनासा झाला तसा सुती दोर आला. हा दोर साधारण साडेपाच मीटर लांब असतो. त्याला गाठ मारायची नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोर धरायचा, मांडीला, कमरेला वेढा घ्यायचा, आणि त्या वेढ्यावर सगळं अंग तोलायचं. आज हा दोर मुलींनी आपलासा केला आहे.

आपल्या विदर्भालाही यात मान आहे. १९३६ साली जर्मनीत बर्लिनला ऑलिम्पिक झालं, त्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तिथं आपले देशी खेळ दाखवायला गेलं होतं. अलीकडे फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी मल्लखांब देशोदेशी शिकवला, अंध मुलांनाही शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

जगात काय चाललंय तेही थोडं सांगतो. साधारण पन्नास वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये आणि आजूबाजूच्या देशांत काही तरुण कलावंतांनी ठरवलं की सर्कशीत वाघ-सिंह नकोत. माणसाची कसरत, नाच, संगीत आणि एखादी गोष्ट, एवढ्यावर खेळ उभा करायचा. कॅनडात रस्त्यावर खेळ करणाऱ्या काही जणांनी १९८४ साली सर्क द्यू सोले नावाची मंडळी काढली, ती जगभर गाजली. २०१८ साली त्यांनी 'बझार' नावाचा नवा खेळ मुंबईत पहिल्यांदा दाखवला. त्यात मल्लखांब होता. म्हणजे आपल्या मातीतला मल्लखांब परदेशी तंबूत बसून परत आपल्याकडे आला, आणि लोकांनी महागडी तिकिटं काढून तो पाहिला.

हे सगळं बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा ताई हसल्या. म्हणाल्या, "तंबू मोठा असला का कला होते, अन् बाजारात असली का भीक होते."

आम्ही त्यावर पुष्कळ बोललो. मग आमच्यातल्या एकीनं एक साधी गोष्ट काढली. ती म्हणाली, "अगं, आपण फुगडी घालतो ती काय असते?"

तुम्हीही आठवून बघा. दोघी समोरासमोर उभ्या राहतात. हात आडवे धरतात, पाय जवळ आणतात, आणि अंग मागं टाकतात. एकटी असती तर धपकन पडली असती. पण समोरचीनं धरलंय म्हणून पडत नाही. जितकं मागं झुकाल तितकी फुगडी रंगते. भिऊन अंग आखडून धरलं तर फुगडी होतच नाही. मनगटं घामेजली की पदराला हात पुसायचे, हे कोणी शिकवलं नाही तरी आपल्याला कळतं. भुलाबाईच्या दिवसांत आपण हे लहानपणापासून करत आलो. ही कसरत नाही का? आणि हा नाच नाही का? बसफुगडी घालताना मांड्या भरून येतात, कोंबडा करताना दम लागतो. आपण त्याला खेळ म्हणतो म्हणून कोणी नाव ठेवत नाही. लेझीमही मुळात तालमीतला व्यायामच. धनुष्यासारखा दांडा आणि त्याला साखळी. त्या साखळीच्या आवाजावर पावलं पडायला लागली आणि व्यायामाचा नाच झाला. मग पोरींनी दोर आणि लेझीम एकत्र आणलं तर त्यांनी काय आक्रीत केलं?

इतकं झाल्यावर गटानं गाद्यांना हो म्हटलं. पण ताईंनी अट घातली. त्या म्हणाल्या, "मी पाहीन. माह्या नजरेखाली झालं तरच." आणि त्यांनी आपला डावा हात पुढे केला. मनगट जरा वाकडं आहे. आम्हाला वाटायचं जन्मापासूनच तसं असेल. नऊ वर्षांच्या असताना त्या बाजारात दोरीवरून पडल्या होत्या. खाली दगडी फरशी होती. हाड नीट बसवायला पैसे नव्हते. चार दिवसांनी त्या पुन्हा दोरीवर, कारण पुढच्या गावचा बाजार होता.

म्हणून ताईंनी आम्हाला जे शिकवलं ते तुमच्याही कामाचं आहे. पहिलं, पोरगी चढण्याआधी दोन मोठ्या बायांनी दोराला एकदम लटकून बघायचं. दर वेळी, रोज. काल बघितला होता हे चालत नाही. दुसरं, गोठ्याची तुळई चालत नाही. आमची तुळई जुनी होती, आतून पोखरलेली निघाली. शाळेतल्या खेळाच्या सरांनी लोखंडी चौकट बघून दिली, तिचे पाय जमिनीत काँक्रीटमध्ये रोवले. तिसरं, खाली जाड गादी हवी, सतरंजी नव्हे. चौथं, अंगठी, बांगड्या, कानातले सगळं उतरवायचं, केस घट्ट बांधायचे, ओढणी नको. अंगासरशी पूर्ण पायजमा आणि सदरा हवा, कारण सैल कपडा दोरात अडकतो आणि उघडी कातडी सोलवटते. कपड्यावरून बोलणाऱ्या पुरुषांना आम्ही हेच सांगितलं: दोरीवर ओढणी म्हणजे गळफास. त्यानंतर कोणी बोललं नाही. पाचवं, आधी पडायला शिकायचं, मग चढायला. ताईंनी पोरींना आठ दिवस नुसतं गादीवर पडायला लावलं. गुडघे वाकवून, अंग गोळा करून, हात मागं न टेकता.

नाच बसवताना खरी अडचण आली तालाची. लेझमाचा ताल धावता. दोरीवरची पोरगी वेढा घेते, श्वास धरते, तोल सांभाळते, तिला वेळ लागतो. खालच्या पोरी पुढे निघून जायच्या, वरची मागं राहायची. मग घाई करायची आणि वेढा चुकायचा. पंधरा दिवस हेच चाललं. पोरी रडकुंडीला आल्या. शेवटी ताई म्हणाल्या, "आमच्यात ढोलकीवाला दोरीवरच्या बाईकडे पाहून वाजवतो. बाई ढोलकीकडे पाहून चालत नाही."

एवढ्या एका वाक्यानं गाठ सुटली. ढोलकी वाजवणाऱ्या पोराला दोरासमोर बसवलं. वरची उलटी झाली, पाय वर डोकं खाली, की ढोलकी बंद, लेझीम बंद, सगळ्या पोरी जागच्या जागी स्तब्ध. तिनं दोन्ही हात सोडून पसरले की आठ आकडे मनात मोजायचे. मग ती सरकत खाली येते, पाय गादीला लागतो, आणि त्याच क्षणी सगळी लेझमं एकदम वाजतात. सर्कशीत कसरत झाली की माणूस थांबून टाळीची वाट बघतो. इथं थांबायचं नव्हतं. कसरत संपते तिथून नाच पुढे जातो, आणि नाच थांबतो तिथं कसरत दिसते.

१२ जानेवारीला सगळं गाव जमलं होतं. ज्या काकूंनी सुरुवातीला नाव ठेवलं होतं त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी ताईंची माफी मागितली असं आम्ही सांगणार नाही, कारण मागितली नाही. पण आदल्या संध्याकाळी त्या घरून दोन नव्या गाद्या घेऊन आल्या, आणि सकाळी दोराला लटकून बघायला ताईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. साठी उलटलेली बाई दोराला लटकली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

कार्यक्रम छान झाला. ती उलटी झाली तेव्हा मैदानात लेकरू रडलेलं ऐकू येईल इतकी शांतता होती. लेझमं वाजली तेव्हा आमच्या अंगावर काटा आला.

पण त्यानंतर जे झालं तेही सांगायला हवं. आपल्याकडे रिवाज आहे, आवडलं की बक्षीस द्यायचं. काही माणसं नोटा घेऊन पुढे आली. कोणी दहाची, कोणी पन्नासची. एकानं पोरीच्या डोक्यावरून ओवाळायला हात वर केला. ताई ताडकन उठल्या आणि मधे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पोरीवर पैसा ओवाळायचा नाही. द्यायचा असंल तर गटाच्या पेटीत टाका, पावती घ्या."

तो माणूस वाईट नव्हता, कौतुकच करत होता. पण ताईंना जे दिसत होतं ते आम्हाला दिसत नव्हतं. त्यांच्या लहानपणी तीच नोट पुढे करून माणसं काय काय बोलायची, ते त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनात लिहिलंय की बाईच्या नाचावर घर चालायचं, पण त्या बाईला स्वतःच्या जगण्यावर हक्क नसायचा. आम्ही आता ते पुस्तक गटात आळीपाळीनं वाचतोय.

कायदाही ध्यानात ठेवा. सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली दिला. २०१६ साली बालकामगार कायदा बदलला, तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलांना सिनेमा-मालिकांसारख्या कामात अटींवर मुभा दिली, पण सर्कस त्यातून वगळली. शाळेत, मैदानात, मोठ्यांच्या नजरेखाली शिकणं वेगळं. लेकराच्या अंगावर घर चालवणं वेगळं. आणि मोठी बाई कलावंत म्हणून उभी राहत असेल, तर तिचा मेहनताना आधी ठरवून, तिच्या खात्यात, तिच्या नावावर द्यावा. ताई म्हणतात तसं, "भीक नको, मजुरी द्या."

आता ती मुलगी दहावीची परीक्षा देतेय. पुढे काय, ते ठरलेलं नाही. घरात कुजबूज आहे की आता पुरे, पुढं लग्नात अडचण येईल. तिच्या आईनं आम्हाला विचारलं, आम्ही काय सांगणार? आम्ही एवढंच म्हटलं की अकरावीला तिनं कुठं शिकायचं ते तिला विचारून ठरवा, आणि दोर कुठं ठेवायचा ते आमच्यावर सोडा. दोर सध्या आमच्या गटाच्या खोलीत आहे, उंदीर कुरतडू नये म्हणून टिनाच्या डब्यात. दर रविवारी सात-आठ लहान पोरी येतात. ताई त्यांना अजून पडायलाच शिकवताहेत.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात दोर नसेल, लेझीम असेल. लेझीम नसेल तर फुगडी नक्कीच असेल. पोरी काही नवं करू म्हणाल्या तर आधी नाही म्हणू नका. आधी विचारा: दोर कोण बघणार? खाली गादी आहे का? ढोलकीवाला कोणाकडे बघून वाजवणार? पैसे कोणाच्या हातात जाणार? या चार प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर खुशाल हो म्हणा.

आणि एक मागणं. पोर झाडावर चढली, भिंतीवरून उडी मारली की आपण पटकन म्हणतो, काय डोंबारणीसारखं करतेस! आमच्या गटानं ठरवलंय, हा शब्द शिवी म्हणून तोंडात घ्यायचा नाही. चुकून निघाला तर पेटीत पाच रुपये टाकायचे. आजवर पेटीत पंचेचाळीस रुपये जमलेत. त्यातले वीस त्याच काकूंचे आहेत, पण त्या स्वतःहून टाकतात.

आमचं बोलणं इथं थांबवतो. पुढच्या भाषणात उन्हाळ्यातल्या पाण्याच्या साठवणीबद्दल बोलू. नमस्कार.